तुम्ही विचारलंत म्हणून: उंदीर बरा झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

जळगाव, चोपडा, शहादा, कुठलंही गाव असो, कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) पेशंटच्या घरचे भेटले की विचारतातच, "उंदीर बरा व्हस, मंग आमना नाना काब्र नही?" (उंदीर बरा होतो, मग आमचे नाना का नाही?) जनुक घातलेल्या स्टेम सेल (मूळ पेशी) टोचल्या आणि उंदीर बरा झाला, ही बातमी त्यांनी मोबाइलवर वाचलेली असते.

मुळात उंदराला कंपवात होत नाही, तो करावा लागतो. 6-ओएचडीए हे विष मेंदूच्या एकाच बाजूला टोचलं की तिथल्या डोपामिनच्या (हालचालीसाठी लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या) पेशी मरतात. द्रावण बर्फात, अंधारात, थोडं व्हिटॅमिन सी घालून ठेवायचं. रंग तपकिरी झाला की फेकून द्यायचं, नाहीतर उंदीर अर्धवटच आजारी पडतो. पुढे अ‍ॅपोमॉर्फिन हे डोपामिनसारखं काम करणारं औषध दिलं की तो इजा नसलेल्या बाजूकडे गोल फिरत राहतो. त्या फेऱ्या मोजतात.

पेशींत जनुक विषाणूमार्फत जातं. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या डोपामिन बनवायला लागणाऱ्या एन्झाइमच्या एकट्या जनुकाने भागत नाही. त्याला बीएच4 हा मदतनीस रेणू लागतो, म्हणून तो बनवणारं जनुकही सोबत द्यावं लागतं. काहीजण जीडीएनएफ हे पेशी जगवणारं प्रथिन निवडतात. स्ट्रायटममध्ये, म्हणजे मेंदूत डोपामिन जिथे पोचतं त्या भागात, पेशींचं द्रव मिनिटाला साधारण 1 मायक्रोलिटर सोडायचं आणि मग सुई 5 मिनिटं तशीच ठेवायची. लगेच ओढली तर पेशी सुईच्या वाटेनेच वर येतात. इतकं जपूनही बहुतेक पेशी पहिल्या काही दिवसांत मरतात.

आणि 'बरा झाला' म्हणजे फेऱ्या कमी झाल्या, एवढंच. सुईने स्ट्रायटम दुखावलं तरी फेऱ्या कमी होऊ शकतात! म्हणून पेशींशिवाय नुसतं द्रव टोचलेला गट आणि शेवटी मेंदूचे काप तपासणं, हे दोन्ही नसेल तर मी तो निकाल मानत नाही.

नानांचा आजार वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी मुरलेला असतो, पेशींत अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन साचलेलं असतं. विषाने आजारी केलेल्या उंदरांत जीडीएनएफ चाललं, अल्फा-सिन्युक्लिन वाढवून आजारी केलेल्या उंदरांत मात्र फसलं. शिवाय उंदराचा मेंदू जेमतेम 2 ग्रॅमचा, माणसाचा सुमारे 1400.

माणसांवर काम सुरू आहे. जपानमधल्या क्योटोच्या स्टेम सेल चाचणीतल्या 7 पेशंटांचे निकाल 2025 मध्ये आले, पण त्या पेशींत उपचाराचं जनुक घातलेलं नव्हतं. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नियमांनुसार कंपवातासाठी स्टेम सेल फक्त चाचणीतच देता येतात. कुणी पैसे मागून इंजेक्शन देतो म्हणाला तर शेत विकायला काढू नका, आधी सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. तोवर नानांची लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताची नेहमीची गोळी, वेळच्या वेळी द्या, जेवणाच्या अर्धा तास आधी. डाळ-दुधासोबत घेतली तर ती नीट लागू पडत नाही.