पुढे फिरवलं की मागे पळणारा डायल

शेवटी सापडलं! तीन आठवडे डोकं खाणारा माझ्या हॅम रेडिओच्या डायलचा रोग परवा रात्री अडीच वाजता वावरातल्या खोपडीत उमगला. तोही ऑसिलोस्कोपवर नाही, विहिरीवरच्या मोटरकडे बघताना.

आधीचं थोडक्यात सांगतो. माझा संच मायक्रोबिटएक्स, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा बोलायचा-ऐकायचा रेडिओ. त्याच्या डायलमागचा खटक्यांचा एन्कोडर (नॉब किती आणि कुठे फिरला ते विजेच्या पल्समधून सांगणारा भाग) काढून मी ६०० पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर बसवला. खटके हाताला अडतात आणि समोरच्याचा आवाज नेमका दोन खटक्यांच्या मधे कुठेतरी राहतो. शिवाय आमच्याकडे हरभऱ्याचं ओलीत म्हणजे रात्रीची लाईन. चिखलाचे हात, थंडीने आखडलेली बोटं आणि बोराएवढा प्लास्टिकचा नॉब, हे जमतच नव्हतं.

नवा एन्कोडर लावला आणि पंचाईत सुरू झाली. हळू फिरवला तर लोण्यासारखा चाले. जरा जोरात फिरवला की फ्रिक्वेन्सी अडखळे, आणि अजून जोर लावला की चक्क उलटी जाई. ७.१५० मेगाहर्ट्झकडे निघालो की ७.०९० वर!

पहिला संशय एन्कोडरवरच. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आधी जो नग घेतला होता, त्या नगावर ६०० छापलेलं होतं आणि मोजल्यावर एका फेऱ्यात ४०० निघाले. फोटो पाठवले, उत्तर नाही. म्हणून हा दुसरा नग मी हाताने एकेक फेरा मोजून तपासला. बरोबर ६००. मग केबल बदलली, शिल्डवाली घातली. मग लक्षात आलं की या एन्कोडरचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते लाईन फक्त खाली ओढतं, वर न्यायला पुल-अप रेझिस्टर लागतो, आणि मी नॅनोच्या (संचाचा कारभार बघणाऱ्या छोट्या आर्डुइनो बोर्डाच्या) आतल्या पुल-अपवर विसंबलोय, जे वीस-पन्नास किलोओहमचे, म्हणजे फारच अशक्त. दोन्ही लाईनींवर २.२ किलोओहमचे रेझिस्टर ५ व्होल्टला बांधले आणि १ नॅनोफॅरडचे कपॅसिटर ग्राउंडला दिले. त्याने पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबल्यावर आकडे नाचायचे ते थांबले. आरएफ, म्हणजे माझ्याच प्रक्षेपणाचा रेडिओ सिग्नल, त्या केबलमधून आत शिरत होता. हाही विजयच, दोन दिवस त्यावर मी खूश होतो. पण उलटं पळणं तसंच.

परवा रात्री मोटर सुरू केली. मोटर आणि पंपाच्या मधल्या कपलिंगवर मी मागे पांढऱ्या रंगाचा ठिपका मारला होता. वर साधा एलईडी बल्ब. त्या उजेडात ठिपके दोन दिसत होते, समोरासमोर, आणि दोन्ही हळूहळू उलट्या दिशेने सरकत होते. कारण कळायला वेळ लागला नाही. तो बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांपेक्षा जरा कमी फिरते. दोन लुकलुकींमध्ये कपलिंग अर्ध्या फेऱ्याला किंचित कमी पडतं, आणि डोळ्याला वाटतं ते मागे चाललंय.

मी तिथेच थबकलो. माझ्या डायलचं हेच होतंय!

एन्कोडरच्या दोन लाईनींच्या चार अवस्था: ००, ०१, ११, १०, पुन्हा ००. एका फेऱ्यात ६०० चोक २४०० बदल. सेकंदाला एक फेरा दिला तरी दर ०.४ मिलिसेकंदाला एक बदल. आणि मूळ सॉफ्टवेअर एन्कोडरकडे बघतं कधी? बाकीच्या कामांच्या लूपमधून फिरून आलं की. मधल्या वेळात ते एलसीडीवर आकडे लिहितं, फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या एसआय५३५१ चिपला नवी फ्रिक्वेन्सी सांगतं, त्यात काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यात अवस्था तीन घरं पुढे गेली तर प्रोसेसरला ती एक घर मागे गेल्यासारखी दिसते. ००वरून थेट १०. तो खोटं बोलत नव्हता, त्याला दिसतच तसं होतं. खटक्यांच्या एन्कोडरला हे चालून जायचं, कारण त्यात बदलच थोडे.

मग इंटरप्ट, म्हणजे पिनवर बदल होताच प्रोसेसरने हातातलं काम थांबवून तिकडे बघायचं. इथे अडचण अशी की नॅनोचे नेहमीचे इंटरप्टवाले डी२ आणि डी३ हे पिन राडुइनोवर (नॅनो बसवलेल्या संचातल्या बोर्डावर) आधीच गुंतलेत, एक सीडब्ल्यूच्या, म्हणजे मोर्सच्या, की-लाईनला, दुसरा लो-पास फिल्टरच्या रिलेला. एन्कोडर ए० आणि ए१ या पिनांवर. पण त्या पोर्टला पिन-चेंज इंटरप्ट आहे. सोळा ओळींचा तक्ता लिहिला: जुनी अवस्था, नवी अवस्था, त्यावरून अधिक एक, उणे एक किंवा शून्य. अशक्य उडी दिसली तर तिची वेगळी मोजदाद एलसीडीच्या कोपऱ्यात. काल संध्याकाळी घरी बसून जीव खाऊन डायल फिरवला. कोपऱ्यात शून्य. अजून फिरवला. शून्यच! शेजारचा मित्र दारात उभा राहून म्हणाला, “काय घुमवून राह्यला बे एवढं?” त्यालाही फिरवायला दिला.

आता चार बदलांना एक पायरी, पायरी १० हर्ट्झची, म्हणजे एका फेऱ्यात ६ किलोहर्ट्झ. आवाज माणसाचा वाटेपर्यंत आणायला हे अगदी हाताजोगं आहे. जोरात फिरवला की पायरी १०० ची होते.

चाकाचं सांगायचं राहिलं. दारव्ह्याच्या लेथवाल्या काकांनी ५५ मिलिमीटर व्यासाचं पितळी चाक कातून दिलं, अर्ध्या किलोच्या आसपास, कडेजवळ तर्जनी बसेल एवढा खळगा. ६ मिलिमीटरचं भोक त्यांनी इतकं नेमकं पाडलं की स्क्रू न कसताही चाक हलत नाही. असं काम कुरिअरने येणाऱ्या खोक्यात मिळत नाही. फक्त वजनामुळे बोट काढल्यावर चाक पुढे वाहत जायचं. भजनी मंडळाची पेटी दुरुस्त केली तेव्हा उरलेल्या फेल्टचा वॉशर मागे घातला आणि ते बोट उचललं तिथेच थांबू लागलं.

अंधारातली गोष्ट बाकी आहे. टॉर्च तोंडात धरून व्हॉल्यूम शोधणं मला मान्य नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखाच्या खाली-वर होणाऱ्या पट्ट्यांऐवजी) चाकांचा खटका ओढायचे, कारण दोन्ही खटके शेजारी आणि हाताला सारखेच. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने चाकांच्या खटक्याला रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार दिला, आणि घोटाळा थांबला. म्हणून माझा व्हॉल्यूम सागवानी चौकोनी होणार, सुताराकडे तुकडा दिलाय. आरआयटीसाठी (आपली बोलायची फ्रिक्वेन्सी न हलवता फक्त ऐकायची थोडी सरकवण्यासाठी) दुसरा तसाच गोल एन्कोडर लावायचा बेत होता, तो...

नाही, हे लिहितानाच सुचतंय. दुसरा एन्कोडर नकोच. उजव्या हातात लॉगची, म्हणजे झालेल्या संपर्कांच्या नोंदींची, पेन्सिल असते, मग डायल उजवीकडे कशाला? चाक डावीकडे, पॅनेलच्या अगदी खाली, म्हणजे मनगट टेबलावर टेकेल आणि खांदा दुखणार नाही. आरआयटी त्याच चाकावर, ए२ वरचं बटण दाबून धरलं की. आणि पीटीटी दाबलेली असताना चाक सॉफ्टवेअरमधून बंद, म्हणजे कोपर लागलं तरी फ्रिक्वेन्सी जागची हलणार नाही. पुढचं पॅनेल आधीच कापून ठेवलंय, ते आता पुन्हा कापावं लागेल. कापतो.

ए२ वर दाबून धरण्याचं कोड कोणी लिहिलं असेल तर सांगा. आरआयटी चालू करताना मेनू उघडायला नको. या आठवड्यातही रात्रीचीच लाईन आहे, बारानंतर ४० मीटर बँडवर असेन. ७३ (आम्हा हॅम लोकांचा निरोपाचा नमस्कार).