जांघ म्हणजे नेमकी कोणती जागा?

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीचा उजवा पाय दुखू लागला. ती रामबागेत राहते, वय ६८, घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, म्हणजे इंदूरच्या आम्हा सगळ्या मराठी घरांत असते तसेच. चार पावले चालले की कळ येई, मोजा घालायला वाकता येईना, देवापुढे मांडी घालून बसणे तर बंदच झाले. दवाखान्यात तिने डॉक्टरांना सांगितले, "जाँघ में बहुत दर्द है।" डॉक्टरांनी मांडीच्या हाडाचा एक्स-रे काढायला लावला, त्यात काही सापडले नाही, आणि वेदनाशामक गोळ्या व मांडीला चोळायचे मलम यांवर तिचे साडेतीन महिने गेले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवाळीत तिच्याकडे गेले तेव्हा तिची चाल पाहून मला राहवले नाही. "मावशी, शब्द राहू दे, कुठं दुखतं तिथं बोट ठेव बरं," असे मी म्हटले, तेव्हा तिचे बोट मांडीवर गेलेच नाही. ते पोट आणि मांडी जिथे मिळतात त्या घडीत गेले. मराठीत त्या घडीलाच आपण जांघ म्हणतो, हिंदीत मात्र जाँघ म्हणजे सबंध मांडी. मावशीने मनातल्या मराठी शब्दाला हिंदी उच्चार दिला होता आणि डॉक्टरांनी तो हिंदी म्हणून ऐकला होता. मी तिला उताणे झोपवले, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवून तिचे पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेले, म्हणजे मांडीचे हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरले. थोडेसे फिरताच सांधा अडला आणि मावशीने "आई गं" करून माझे मनगट धरले. खुब्याचा सांधा जांघेच्या घडीमागे खोलवर असतो, त्यामुळे तो झिजला की दुखणे बहुधा तिथेच जाणवते. पुष्कळदा ते मांडीत आणि गुडघ्यापर्यंतही उतरते, म्हणून घोटाळा आणखी वाढतो. पुढे दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढला, तेव्हा उजवीकडे मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची खोबण यांमधली जागा जवळजवळ नाहीशी झालेली दिसली. निदान होते खुब्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस.

या एका शब्दाने माझी झोप उडवली, आणि मी तो शोधत मागे गेले. संस्कृतात जङ्घा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय, म्हणजे आपली नडगी आणि पोटरी. मांडीला तिथे ऊरू असा वेगळा शब्द आहे. तोच शब्द हिंदीत गुडघ्याच्या वर चढून मांडीवर आला आणि मराठीत आणखी वर सरकून जांघेच्या घडीत जाऊन बसला. एक शब्द, तीन भाषा आणि तीन जागा. इंदुरात तर मराठी आजी, हिंदी डॉक्टर आणि संस्कृत ग्रंथ वाचणारे वैद्य असे तिघे एकाच रस्त्यावर भेटू शकतात.

जांघ हा काही एकटाच शब्द नाही. माझ्या कामात रोज लागणारे दोन शब्द याहून अवघड आहेत. मराठी शाळेत आपण शिकतो की शरीर पेशींचे बनलेले असते आणि हालचाल स्नायूंमुळे होते. हिंदीत पेशी म्हणजे मसल, आणि आपल्या पेशीला तिथे कोशिका म्हणतात. स्नायु हा शब्द तर हिंदीत कधी अस्थिबंधासाठी येतो, कधी मज्जातंतूसाठी. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी, ९०० स्नायू, १६ कंडरा (मांसाला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) आणि २१० संधी, म्हणजे सांधे, मोजलेले आहेत, आणि तिथली पेशी म्हणजे मांसाचा गट, तर स्नायू म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे चिवट बंध. म्हणजे पेशीच्या बाबतीत हिंदीने जुना अर्थ जपला आणि मराठीने दोन्ही शब्द नव्या जागी नेले. यात कोणाची चूक आहे असे मला वाटत नाही, पण मराठी घरातली मुलगी इथल्या महाविद्यालयात फिजिओथेरपी शिकायला जाते, तेव्हा पहिल्याच सत्रात "पेशी का संकुचन" ऐकून ती थबकते, आणि तिला ते समजावून सांगणारे माणूस तिथे असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पेशंट स्वतः या सगळ्याला एकच शब्द वापरतात, शीर. शीर ताणली, शीर दबली, शीर आखडली, शीर कापली. यांत ताणलेली कंडरा असते, दबलेला मज्जातंतू असतो आणि कापलेली रक्तवाहिनीही असते. पूर्वी मला हे अडाणीपणाचे वाटे, आणि ते माझे चुकतच होते. ग्रीक भाषेतल्या न्यूरॉन या शब्दाचा मूळ अर्थ मज्जातंतू नव्हताच. तो चिवट दोर, कंडरा, धनुष्याची दोरी असा होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्राटस या ग्रीक वैद्यांनी शवविच्छेदन करून मज्जातंतू वेगळे ओळखले, आणि मग हळूहळू तो शब्द त्यांच्याकडे गेला. जुन्या अर्थाची खूण अजून शिल्लक आहे: ॲपोन्यूरोसिस हे नाव आजही एका सपाट, पसरट कंडरेचेच आहे, त्यात मज्जातंतूचा काही संबंध नाही. आणि न्यूरॉन व स्नायू हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत. तेव्हा शीर म्हणणारी आजी आणि ग्रीक वैद्य एकाच वाटेने चालत होते. दोघांनाही कातडीखाली दोरीसारखे काहीतरी हाताला लागत होते.

हाताला लागणाऱ्या आणि डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टींवरूनच ही बहुतेक नावे पडली आहेत, म्हणून विद्यार्थ्यांना ती पाठ करायला लावण्यापेक्षा मी आधी ती उलगडून दाखवते. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटली, आणि आपण त्याच हाडाला गुडघ्याची वाटी म्हणतो. गॅस्ट्रोक्नेमियस म्हणजे पायाचे पोट, आणि आपल्या पोटरीतही पोट आहेच. मसल हा शब्द लॅटिन मुस्क्युलस, म्हणजे छोटा उंदीर, यावरून आला. रोमन लोकांना दंड वाकवला की कातडीखाली उंदीर पळताना दिसला, आणि मराठी मुले दंड फुगवून बेडकुळी काढून दाखवतात. कॉक्सिक्स हे नाव ग्रीक कोकिळेवरून पडले, कारण ते हाड तिच्या चोचीसारखे आहे. आपल्या लोकांना तिथे शेपटाची जागा दिसली आणि त्यांनी त्याला माकडहाड म्हटले. खुब्याच्या खोबणीला लॅटिनमध्ये ॲसिटॅब्युलम, म्हणजे व्हिनेगरची वाटी. सुश्रुताने अशा सांध्याला उलूखल, म्हणजे उखळ म्हटले, आणि आमच्या शाळेच्या पुस्तकातला उखळीचा सांधा तोच. काही शब्द तर परके नाहीतच: ऑस्टिऑन आणि अस्थी, ग्रीक गोनु आणि जानू, ही सख्खी भावंडे आहेत.

तरीही रिपोर्टवर गुडघ्याची वाटी न लिहिता पटेलाच लिहिले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. युरोपातही एकाच अवयवाला अनेक नावे होतीच. १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये शरीररचनेच्या सुमारे ५०,००० नावांतून निवड करून ती सुमारे ५,००० वर आणली गेली, तेव्हा कुठे एका देशाचे पुस्तक दुसऱ्या देशात बिनचूक वाचता येऊ लागले. २०२२ साली मध्य प्रदेशात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची हिंदी पुस्तके निघाली, त्यांतही पुष्कळ संज्ञा इंग्रजीच ठेवून नागरीत लिहिल्या आहेत, आणि मला ते योग्यच वाटते. समजावण्याची भाषा आपली असावी आणि जागेचे नाव मात्र कुठेही गेले तरी न हलणारे असावे.

सर्वांत जास्त वेळ माझा जातो तो शब्दांच्या शेपटांवर. मान दुखणाऱ्या दहा जणांतले बरेचसे "मला स्पाँडिलायटिस आहे" असे सांगतात आणि हातातल्या कागदावर स्पाँडिलोसिस लिहिलेले असते. स्पाँडिलोस म्हणजे मणका, एवढे दोन्हीकडे सारखे आहे. पण आयटिस म्हणजे दाह आणि इथला ओसिस म्हणजे वयाबरोबर होणारी झीज. दाहाच्या आजारात, उदाहरणार्थ अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये, बहुधा तरुण माणसाची पाठ पहाटे आखडते आणि हिंडल्याफिरल्यावर मोकळी होते. झिजेचे दुखणे श्रमाने वाढते आणि विश्रांतीने उतरते. औषधोपचार पूर्ण वेगळे आहेत, आणि पंचविशीतल्या मुलाला "सगळ्यांनाच असतो तो स्पाँडिलायटिस" म्हणून घरी बसवले तर त्याची उमेदीची वर्षे हातची जातात. ऑस्टिओपोरोसिस आणि ऑस्टिओआर्थ्रायटिस यांचीही अशीच गल्लत होते: पहिल्यात हाड सच्छिद्र आणि ठिसूळ होते आणि ते मोडेपर्यंत बहुधा दुखत नाही, दुसऱ्यात सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजते आणि ते रोज दुखते. आणि "मणक्यात गॅप आली आहे" हे वाक्य तर मी आठवड्यातून अनेकदा ऐकते. खरे म्हणजे मणक्यांमधली चकती झिजून चपटी होते तेव्हा तिथली जागा वाढत नाही, कमी होते. लोक फट वाढली असे समजून वाकायला, चालायला घाबरतात, म्हणून मी त्यांना एक्स-रे उजेडासमोर धरून दोन मणक्यांमधले अंतर स्वतः मोजायला लावते.

मावशीच्या ऑपरेशनच्या कागदावर टोटल हिप आर्थ्रोप्लास्टी असे लिहिले होते. तिने ते दोनदा वाचले आणि विचारले, "म्हणजे प्लास्टिकचा सांधा बसवणार का गं?" मी तिच्याजवळ बसून शब्द सुटा केला: आर्थ्रॉन म्हणजे सांधा, प्लास्टी म्हणजे घडवणे, आकार देणे. मग सांध्याचे भागही सांगितले, मांडीच्या हाडात जाणारी धातूची दांडी, तिच्यावरचा गोळा, खोबणीत बसणारी वाटी आणि तिच्या आतले पॉलिएथिलीनचे अस्तर. म्हणजे प्लास्टिक त्यात आहे, पण नाव त्याच्यावरून पडलेले नाही. ती म्हणाली, "घडवणे आहे होय, मग ठीक आहे," आणि सहीसाठी चष्मा मागितला.

तेव्हापासून माझ्या तपासणीच्या कागदावर "रुग्णाच्या शब्दांत" असा एक रकाना आहे आणि शेजारी माणसाची पुढून व मागून काढलेली आकृती, जिच्यावर पेशंटनेच फुली मारायची. उसण, चमक, वांब, लचक, "नस पे नस चढ़ गई", जे येईल ते मी तसेच उतरवून घेते आणि खाली संज्ञा लिहिते.

मावशी आता काठी घेऊन रामबागेतून राजवाड्यापर्यंत जाऊन येते आणि देवापुढे खुर्चीवर बसते. परवा तिचा फोन आला की दुखते आहे, पण जांघेत नाही, मांडीत, पुढच्या बाजूला, जिना चढताना. "डॉक्टरांना काय सांगितलंस?" मी विचारले. "जाँघ," ती म्हणाली, "यावेळी तेच बरोबर ना?" बरोबरच होते. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, इतक्या महिन्यांत अशक्त झाला होता, आणि आम्ही दुसऱ्या दिवसापासून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सरळ करण्याचा व्यायाम सुरू केला.