वेळ्ळियंगिरीची काठी

वेळ्ळियंगिरी म्हणजे तमिळनाडूत कोइंबतूरजवळचे शंकराचे सात डोंगर. पायथ्याच्या पूंडीच्या देवळात नमस्कार झाला की आधी काठी बघावी. बांबूची, खांद्याला लागेल एवढी. बूड दगडावर आपटायचं. खणखणीत वाजली तर घ्यायची, भद्द वाजली तर आत चीर असते आणि ती मोडते उतरताना, नेमका सगळा भार टाकल्यावर. कोइंबतूरच्या गांधीपुरमहून बसने आलेले पुष्कळजण ती हौसेने घेतात. पण या सात डोंगरांवर गुडघे वाचवते ती हीच.

वनखात्याचे लोक पिशव्या उघडून बघतात. प्लास्टिकची वेष्टनं काढून घेतात, पाण्याच्या बाटलीवर अनामत घेऊन चिकटपट्टी लावतात. शेंगदाणे, गूळ घरूनच कापडी पिशवीत बांधून आणलेले बरे. हृदयविकार, दमा असेल तर चढू नका असं ते सांगतात, आणि ते ऐकावं. 2024 च्या हंगामात चढतानाच अनेकांचे प्राण गेले.

महाशिवरात्रीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत गर्दी. चढायला रात्रच बरी. पहिला डोंगर सगळ्यांत निर्दय. पायऱ्या उंचसखल, काही तर गुडघ्याएवढ्या, आणि वेळ्ळै विनायकाच्या देवळापर्यंत सपाटी जवळजवळ नाहीच. इथे बोलत चढायचं नाही. वीस पायऱ्या, मग काठीवर टेकून दहा श्वास. पुढे वळुक्कुपारै, म्हणजे निसरडा खडक. तिथे अनवाणी पाय बुटांपेक्षा चांगला धरतो. कैतट्टी सुनैपाशी पाणी भरलं. झऱ्याच्या तोंडाशी बिस्किटांचे कागद आणि शेजारी कुणाच्यातरी फोनवर मोठ्याने भजन. संताप आला. कागद गोळा करता करता तेच भजन ओठांवर आलं.

पाचव्या-सहाव्या डोंगरावर झाडी संपते, गवत आणि वारा. आंडी सुनैचं पाणी हाडं गोठवतं. सातव्यावर, एकमेकांना टेकलेल्या प्रचंड खडकांच्या पोटात, स्वयंभू लिंग. कापूर, विभूती, दोन क्षण. मागचे लोक पुढे ढकलतात.

खरी परीक्षा परतीची. उघड्या गवताळ उतारावरून उन्हाआधी खाली यायला हवं, कारण दगड तापतात. मला उशीर झाला. दुपारी डाव्या टाचेखाली फोड आला आणि तो वाचवायला मी पाय वाकडा टाकू लागलो. तसं केलं की भार दुसऱ्या गुडघ्यावर जातो, तोही थरथरायला लागतो. मागून एक म्हातारे उतरत होते. "सामी, मेदुवा, मेदुवा," म्हणत थांबले. हळू, हळू. फोड फोडू नको असं बोटाने दाखवलं. आपल्या खांद्यावरच्या टॉवेलची पट्टी फाडली, ओली केली, टाचेला दोन वेढे देऊन गाठ पावलाच्या वर बांधली, म्हणजे ती खाली रुतणार नाही. मग काठी माझ्या दोन्ही हातांत दिली: दोन पायऱ्या खाली रोवायची, आडवं वळायचं, दुखरा पाय आधी काठीच्या रेषेत, चांगला मागून. चढताना उलट, चांगला पाय आधी. शंभरेक पायऱ्या ते माझ्यापुढे तसे उतरत राहिले, मान वळवून बघत. मग दिसेनासे झाले. नाव विचारायचं राहिलं.

पहिल्या डोंगराच्या पायऱ्या संध्याकाळपर्यंत पुरल्या. बाटली दाखवून अनामत परत घेतली. वर निघालेल्या एका मुलाची काठी भद्द वाजत होती. त्याला माझी दिली.