इन्ग्रिड की ग्रेस?

जुन्या हॉलिवूडच्या या दोन हिरॉइन्सपैकी ग्रेस केली दिसायला भारी होती यात वादच नाही, 'रिअर विंडो'मध्ये ती झोपलेल्या जेम्स स्टुअर्टवर वाकते तो क्लोजअप बघा, माणूस स्टोरीच विसरतो. पण अ‍ॅक्टिंग म्हणाल तर माझं मत सरळ इन्ग्रिड बर्गमनला. 'नटोरियस'मध्ये आपल्याला कॉफीतून विष देतायत हे तिच्या लक्षात येतं ना, तेव्हा ओरडणं नाही, रडणं नाही, नुसती नजर कपावरून नवरा आणि सासूकडे जाते आणि आपल्या पोटात गोळा येतो राव! ऑस्कर पण तीन. ग्रेसला एकच, 'द कंट्री गर्ल'चं, आणि ते ज्युडी गार्लंडला मिळायला हवं होतं असं म्हणणारे आजही भेटतात (मी त्यातलाच).

फेमचं मात्र वेगळंच. ग्रेसनं १९५६ला मोनॅकोच्या प्रिन्स रेनिएशी लग्न केलं आणि ११ सिनेमांवर थांबली, त्यामुळे पडद्यावर ती कायम विशीतलीच. इन्ग्रिडला इटालियन डिरेक्टर रोसेलिनीसोबतच्या लफड्यावरून १९५० साली चक्क अमेरिकन सिनेटमध्ये शिव्या पडल्या, कामधंदे नसावेत लोकांना, तरी बाई परत आली आणि 'अ‍ॅनास्टेशिया'साठी ऑस्कर घेतलं. १९७८चा 'ऑटम सोनाटा' तर बघाच, मुलगी पियानो वाजवते आणि ही आई नुसती ऐकते, तो सीन ग्रेसला जमला असता असं मला तरी वाटत नाही.