ग्लिसरीनमध्ये दिसेनाशी झालेली नळी

दहावीला अपवर्तन, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाशाचं वाकणं, शिकवताना त्याचं गणित सांगणारा स्नेलचा नियम मी फळ्यावर नंतर लिहिते. आधी टेबलावर दोन चंचुपात्रं मांडते: एकात पाणी, दुसऱ्यात मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन. बोरोसिलिकेट काचेच्या दोन परीक्षानळ्या, ज्यात बुडवायच्या त्याच द्रवाने भरून, हळूच आत सोडायच्या. पाण्यातली ठळक दिसते. ग्लिसरीनमधल्या नळीचा बुडालेला भाग मात्र गायब! मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे येऊन काचकांडीने चाचपून बघतात.

एखाद्या पदार्थात प्रकाश किती पट मंदावतो, तो आकडा म्हणजे अपवर्तनांक. या काचेचा तो सुमारे १.४७, ग्लिसरीनचाही जवळपास तेवढाच. सीमेवर प्रकाशाचा वेग बदलत नाही, त्यामुळे किरण वाकत नाही की परावर्तितही होत नाही. पाण्याचा १.३३, तिथे दोन्ही घडतं, म्हणून कडा दिसतात. पुस्तकात परावर्तन आणि अपवर्तन वेगवेगळ्या इयत्तांत विभागलेलं असलं, तरी काचेवर ते एकाच जागी, एकाच वेळी घडतं. मुलांना हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं, यासाठी मला हा प्रयोग फार प्रिय आहे.

करून बघणार असाल तर नळीत बुडबुडा राहू देऊ नका. आणि बाटलीचं झाकण घट्ट लावा. ग्लिसरीन हवेतली ओल शोषतं, मग अपवर्तनांक उतरतो आणि नळी पुन्हा दिसू लागते.