फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि आमची लोहाराची भट्टी

आमचं दुकान म्हणजे वरूड तालुक्यातल्या एका गावात टिनाचं शेड. वखराची पास (खालचं लोखंडी पातं), डवरे, विळे, कुऱ्हाडी हे काम. कोळसा महाग झाला, शिवाय चांगला मिळेना. जळलेलं ऑइल मात्र शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडे ड्रमनं पडलेलं. त्यावर भट्टी चालवायची, हे डोक्यात दोन वर्षं घोळत होतं.

बर्नर मी बॅबिंग्टन पद्धतीचा धरला. साध्या नोझलमध्ये ऑइल छिद्रातून जातं आणि कचऱ्यानं छिद्र बुजतं. इथं उलटं आहे. पितळी पोकळ गोळ्यावरून ऑइलचा पातळ थर ओघळत राहतो, आतून बारीक छिद्रातून फक्त हवा निघते आणि तो थर फोडून त्याचं धुकं करते. मी कपाटाची जुनी पितळी मूठ घेतली. पाव मिलीमीटरचं छिद्र पाडताना तीन ड्रिल मोडले. शेवटी गावातल्या सोनारानं दहा मिनिटांत पाडून दिलं, वर चहा पाजला.

आता हवा. हवेला दाब पाहिजे, दीड किलोच्या आसपास (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो). भात्याचं किंवा ब्लोअरचं ते काम नाही. (ब्लोअर लागतोच, पण जाळाला हवा पुरवायला.) मात्र एवढ्या बारीक छिद्रातून मिनिटाला जेमतेम एक-दीड लिटर हवा जाते. म्हणजे भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पुरून उरतो. तो फ्रिज-मेकॅनिककडूनच काढून घेतला, गॅसही त्यानंच काढला. बहुतेक नव्या फ्रिजमध्ये आर-६०० ए हा गॅस असतो, तो पेटतो. नळी कापायला गॅस कटर लावणाऱ्यानं आधी स्टिकर वाचावं.

हवा साठवायच्या टाकीसाठी बाबा घरातलं जुनं गॅस सिलिंडर काढून देत होते. मी ऐकलं नाही. ट्रकच्या एअर ब्रेकची २० लिटरची टाकी भंगारातून आणली. पण भंगाराची टाकी, आतून किती गंजली कोण सांगणार? म्हणून ती काठोकाठ पाण्यानं भरली आणि संत्र्याच्या बागेत फवारणीला वापरतात तो एचटीपी पंप लावून १२ किलोपर्यंत दाब दिला. पाण्यानं तपासलं की टाकी फुटली तरी फक्त पाणी गळतं. हवेनं तपासली असती तर पत्रा उडून आला असता. अर्धा तास काटा हलला नाही. मग सेफ्टी व्हॉल्व ४ किलोला, प्रेशर स्विच ३ किलोला बंद आणि २ ला सुरू.

पहिल्या दिवशी कॉम्प्रेसरनं टाकी भरली, ३ किलोला बंद पडला. आम्ही खूश. पंधरा मिनिटांनी काटा २ वर आला, स्विच टकला आणि कॉम्प्रेसर नुसता घुंऽऽ. मग टक्, ओव्हरलोड (मोटर जळू नये म्हणून वीज तोडणारा स्विच) उडाला. थोड्या वेळानं पुन्हा घुंऽऽ, पुन्हा टक्. मला वाटलं, मोटर गेली. मोटर सुरू करणारा रिले बदलला, दुसऱ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून पाहिला, तेच. चार दिवस असे गेले. बाबा रोज विचारायचे, ‘‘काहून रे, भट्टी पेटवतं का नुसतं घुंघुं करतं?’’

मेकॅनिकला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, ‘‘भाऊ, लाइन गेली अन् लगेच आली तर फ्रिज सुरू होते काय?’’ तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर थांबला की त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब केशनळीतून (केसासारख्या बारीक नळीतून) सारखा होतो, त्याला काही मिनिटं लागतात. म्हणूनच फ्रिजच्या स्टॅबिलायझरला उशिरा सुरू होण्याची सोय असते. या मोटरला डोक्यावर दाब घेऊन उठायची ताकदच नाही, आणि मी तिच्या डोक्यावर २ किलोची टाकी ठेवली होती.

इलाज सोपा निघाला. टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व (हवा आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही) आणि नळीतली हवा सोडणारा रिलीज व्हॉल्व असलेला प्रेशर स्विच. कॉम्प्रेसर बंद होताना मधल्या नळीतली हवा ‘फिस्स’ करून निघून जाते, टाकीतली टाकीतच राहते. पुढच्या वेळी मोटर मोकळी उठते. आता दोनेक मिनिटं चालतो, पाव तास गप्प बसतो. हवेबरोबर तो स्वतःचं ऑइलही थुंकतो. त्यासाठी मध्ये दोन इंची पाइपची उभी बाटली बसवली आहे. आठवड्याला खालचा नळ उघडून ते ऑइल काढतो, गाळून शोषण-नळीतून (कॉम्प्रेसर हवा ओढतो त्या नळीतून) परत ओततो. नाहीतर आतून कोरडा पडून जाम होईल.

भट्टी पेटवताना आधी पऱ्हाट्यांचा जाळ करून विटा लाल करतो, मग ऑइल सोडतो. ऑइल आठ दिवस ड्रममध्ये निवळू दिलं पाहिजे. पाणी राहिलं तर जाळ फटफट करतो आणि विझतो, मागं पांढरा धूर. धुराड्याशिवाय शेडमध्ये हे करू नये. त्या ऑइलात काय काय असतं ते फुफ्फुसात घेण्यासारखं नाही.

परवा बाबांनी पहिली पास तापवली. कोळशात ती एका टोकाला पांढरी आणि दुसऱ्याला काळी राहायची, इथं सारखी नारिंगी झाली. बाबा काही बोलले नाहीत, दुसरी पास आत सारली. थंडीत ऑइल घट्ट होऊन गोळ्यावर ओघळायचं थांबतं, त्यासाठी ऑइलचा डबा धुराड्याच्या जवळ विटेवर ठेवायला सुरुवात केली आहे.