सही करण्याचा अधिकार

औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत शंका घेणे हे कामच असते. वजनकाटा, द्रावण, कॉलम, प्रमाण नमुना, यांपैकी कशावरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवले जाते. अडचण अशी की ही सवय नकळत स्वतःकडे वळते. मग निकाल बरोबर आहे का, हा प्रश्न मागे पडतो आणि आपण या कामाच्या लायकीच्या आहोत का, हा प्रश्न छळू लागतो. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे या दुसऱ्या प्रश्नाने खाल्ली.

एकदा गोळ्यांच्या एका बॅचचा ॲसे, म्हणजे लेबलवरच्या मात्रेच्या तुलनेत गोळीत असलेले औषधाचे प्रमाण, मर्यादेखाली आला. मर्यादा ९५ ते १०५ टक्के आणि निकाल ९३.८. क्रोमॅटोग्रामवरचा, म्हणजे यंत्राने काढलेल्या आलेखावरचा, औषधाचा उंचवटा (पीक) स्वच्छ होता, प्रमाण द्रावण, म्हणजे तुलनेसाठीचे ठरावीक तीव्रतेचे द्रावण, यंत्रात सोडून घेतलेली सगळी मोजमापे (इंजेक्शन्स) एकमेकांशी जुळत होती. तेवढ्यात उत्पादन विभागाच्या व्यवस्थापकांचा फोन आला, "मॅडम, जरा परत लावून बघा ना, डिस्पॅच अडलंय." लगेच माझे मन त्यांच्या बाजूने बोलू लागले: एवढा अनुभवी माणूस म्हणतो आहे, म्हणजे आपलेच काहीतरी चुकले असणार. त्यांनी आवाज चढवला नव्हता, उलट ते आपुलकीने बोलत होते, आणि रागावलेल्या माणसापेक्षा आपुलकीने बोलणाऱ्याला नाही म्हणणे मला नेहमीच जड गेले आहे.

मी कार्यपद्धतीची फाइल उघडली. मर्यादेबाहेरच्या निकालाची (ओओएसची) चौकशी कशी करायची, हे तिच्यात पायरीपायरीने लिहिलेले असते: आकडेमोड तपासावी, द्रावणे फेकू नयेत, तेच द्रावण पुन्हा इंजेक्ट करावे आणि प्रयोगशाळेतील चूक सिद्ध झाल्याशिवाय पहिला निकाल बाद करू नये. हवा तो आकडा येईपर्यंत चाचण्या करत राहणे अमेरिकेतील न्यायालयाने १९९३ मध्ये बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात अमान्य ठरवले होते, आणि आपल्याकडच्या शेड्यूल एम या औषधनिर्मितीच्या नियमांनुसार गुणवत्ता नियंत्रण विभाग उत्पादनापासून स्वतंत्र असावा लागतो. म्हणजे जो अधिकार वापरायला मी कचरत होते, तो माझ्या पदाबरोबरच मला मिळालेला होता. सगळ्या पायऱ्या पार केल्या, चूक सापडली नाही. "साहेब, निकाल तोच आहे, ओओएस नोंदवते आहे," एवढे सांगून मी सही केली. मनातली शंका तेव्हाही होतीच; ती संपल्याशिवाय सही करता येत नाही, हा माझा समज मात्र त्या दिवशी गेला.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांची आठवण मला अशा वेळी येते. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा पहिले वर्ष काम पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, हे सगळेच सांगतात. मला ते अटीचे वर्ष अधिक मोलाचे वाटते. आपल्याला अजून पूर्ण विद्यार्थिनी मानलेले नाही, हे ठाऊक असताना त्या रोज प्रयोगशाळेत जाऊन काम करत राहिल्या. अशा वातावरणात मनात उगवणारी शंका बऱ्याचदा दुसऱ्यांनी पेरलेली असते. मुलींना हे कोणी सांगत नाही, नुसता आत्मविश्वास वाढवा म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

आता आमच्या विभागात, जिने चाचणी केली तिनेच बैठकीत निकाल सांगायचा, असा पायंडा मी पाडला आहे. उत्पादनाकडून प्रश्न आला की माझ्याकडे न पाहता लॉगबुक उघडायचे आणि उत्तर द्यायचे. सुरुवातीला काहींचा आवाज फुटत नाही. काही बैठकांनंतर त्याच मुली विचारू लागतात की मिश्रणाच्या वेळच्या नोंदी आम्हाला अजून का दाखवल्या नाहीत.